चुकांची वही

संपादकांनी पत्रात लिहिले आहे की, परदेशातील मराठी अध्यापनाचे सुखद अनुभव मी या अंकासाठी लिहावेत. त्यांच्या आज्ञेतला 'सुखद' हा एक शब्द वगळून बाकीची आज्ञा मी पाळतो आहे. लेख त्यांना गैरसोयीचा वाटला तर त्यांनी तो खुशाल बाजूला ठेवावा. माझ्या वयाला आता मान-अपमानाची फारशी पर्वा उरलेली नाही. एक गोष्ट मात्र लिहून ठेवल्याशिवाय पूजेला बसलो की मन स्थिर होत नाही, असे काही वर्षे चालले आहे.

माझे शिक्षण कृष्णाकाठच्या एका लहान पाठशाळेत झाले. पुढे तीस वर्षे मी हायस्कुलात संस्कृत आणि मराठी शिकवले. व्याकरणाला वेदपुरुषाचे मुख मानतात. आमच्या गुरूंनी ते आम्हांला त्याच भावाने दिले आणि मीही त्याच भावाने ते पुढच्यांना देत आलो, निदान तसे समजत आलो. सेवानिवृत्तीनंतर, पत्नी निवर्तल्यावर, मुलाने मला न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला नेले. ते ऐंशीचे दशक नुकतेच सुरू झाले होते. मुलगा आणि सून सकाळी कामावर जात, नातू शाळेत जाई, आणि मी खिडकीशी बसून समोरच्या घराचे गवत कापणारा माणूस पाहत राही. अशा वेळी तिथल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गाच्या प्रमुख कुमुदताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, शिकवायला आम्ही आया आहोत. पण टेस्ट कुणाला सेट करता येत नाही. मुलांना इथे क्विझची सवय आहे. क्विझ नसेल तर त्यांना वाटतं, हे शिकलंच नाही तरी चालेल. तुम्ही व्याकरणाच्या क्विझेस कराल?"

मी तत्काळ होकार दिला. देवाने रिकाम्या हातांत काम घातले, असे वाटले.

वर्ग एका चर्चच्या तळघरातील सभागृहात भरे. पहिल्या दिवशी मी दाराशी जोडे काढले. तेथील वृद्ध रखवालदाराने काळजीने चौकशी केली की, माझे पाय दुखत आहेत का. विद्या जेथे दिली जाते तेथे पादत्राणे घालू नयेत, हे त्याला कसे सांगावे, ते मला कळेना. मी हो म्हटले. त्यानंतर दर रविवारी तो माझ्या पायांची विचारपूस करी.

प्रश्नपत्रिका काढणे हे काम बाहेरून सोपे दिसते, म्हणून थोडे सांगतो. त्या काळी तिथे देवनागरी टंकयंत्र कुणाकडे नव्हते. रेघा नसलेल्या कागदावर मी काळ्या शाईने हाताने लिहीत असे आणि सून ग्रंथालयातल्या यंत्रावर त्याच्या प्रती काढून आणी. त्या यंत्राला बारीक शिरोरेघ दिसत नसे. पहिल्या खेपेला सगळी अक्षरे डोक्यावरचे छप्पर उडाल्यासारखी आली. तेव्हापासून मी शिरोरेघ दोनदा गिरवू लागलो. पत्रिकेत दहा प्रश्न असत. पहिला प्रश्न प्रसादासारखा असावा, म्हणजे तो प्रत्येकाच्या हाती पडावा, हा माझा नियम होता. शून्य गुण घेऊन मूल घरी गेले तर पुढच्या रविवारी त्याच्या पोटात दुखते. प्रत्येक प्रश्नाला उत्तरासाठी तीन पर्याय द्यावेत. एक बरोबर असावा, एक उघड चुकीचा असावा आणि तिसरा असा असावा की त्याने अर्धवट अभ्यास केलेल्याला मोह पाडावा. सगळे कौशल्य त्या तिसऱ्यात असते. पहिल्या काही महिन्यांत मुलांनी मला असे हरवले की, ती सर्वांत लांब पर्याय निवडत आणि तोच बरोबर निघे. कारण बरोबर उत्तर लिहिताना माझा हात सैल सुटत असे. मग मी चुकीचे पर्यायही लांबवू लागलो.

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची होती. एक डॉक्टर पालक दर वेळी विचारीत, "गुरुजी, आमचा रोहन टॉप टेन पर्सेंटमध्ये आहे का?" वर्गात मुले सतरा होती. एकदा लिंगविचार सांगताना एका मुलाने हात वर केला. खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते', हे कुणी ठरवले, असे त्याने विचारले. मी म्हटले, परंपरेने. तो म्हणाला, "डिड दे व्होट?" मी त्या दिवशी घरी येऊन पुष्कळ हसलो.

माझी जुनी वाक्ये तिथे चालेनात. 'रामा बैलांना पाणी पाजतो' असे लिहिले की मुले रामाचे आडनाव विचारत. मला वाटले, वाक्ये यांच्या जगातून घेतली पाहिजेत. मी एक छोटी वही कोटाच्या खिशात ठेवू लागलो. मुले आणि त्यांच्या आया काय बोलतात ते ऐकायचे आणि टिपायचे, असा क्रम सुरू झाला. हेतू चांगला होता, हे मी देवासमोर सांगू शकतो. परंतु टिपता टिपता माझ्या लक्षात आले की, बरोबर वाक्ये माझ्या लेखणीतून सुटून जातात आणि चुकलेलीच तेवढी टिपली जातात. तीस वर्षांची सवय होती ती. सहा महिन्यांत ती वही चुकांची झाली. मग मी पत्रिकेच्या शेवटी 'वाक्ये शुद्ध करा' असा एक भाग घालू लागलो. 'मी बसला मिस केला', 'मम्मीने मला ग्राउंड केली' (म्हणजे बाहेर जायची बंदी केली), अशी ऐकलेली वाक्ये त्यात असत. पालकांना तो भाग इतका आवडला की, मुलांच्या आधी तेच पत्रिका उलटून शेवटचे पान वाचत. मेजवान्यांत लोक मला म्हणत, "गुरुजी, आज जपून बोलायला हवं, तुमची वही खिशात असेल." मला ते बोलणे गोड लागे.

आता मेश्राम कुटुंबाविषयी सांगतो.

मला गाडी चालवता येत नसे. रविवारी मुलगा आठवड्याची झोप भरून काढी. श्री. मेश्राम हे एका संशोधन-संस्थेत रसायनतज्ज्ञ होते आणि मूळचे नागपूरचे. पहिल्याच रविवारी ते म्हणाले, "गुरुजी, तुमचं घर वाटेवरच आहे, मी पिकअप करीन." पुढे मला कळले की माझे घर त्यांच्या वाटेवर मुळीच नव्हते. त्यांना वीस मिनिटांचा वळसा पडे. दोन वर्षे त्यांनी तो घेतला आणि कधी बोलून दाखवला नाही.

गाडीत मागे त्यांची मुलगी प्रज्ञा बसे. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिची आई रविवारीही इस्पितळात कामावर असे. घरी प्रज्ञाची आजी होती, मेश्रामांची आई. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्यामुळे आमच्या सतरा मुलांत प्रज्ञा ही एकटीच अशी होती की, जी खरोखर मराठीत जगत होती. बाकीची मुले आईच्या मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देत. प्रज्ञा मराठीत भांडत असे, खोटे बोलत असे, विनोद करत असे. घरापासून चर्चपर्यंत तिचे तोंड क्षणभरही मिटत नसे. तिचे मराठी आजीचे होते, नागपूरकडचे. शाळेचे मराठीही ती तितक्याच तत्परतेने शिकत होती. पत्रिकेत तिला नेहमी नऊ-दहा गुण असत.

ती बोले आणि मी लिहून घेई. एकदा तिने पुढे वाकून पाहिले.

"आजोबा, काय लिहून राहिले?"

"तुझी वाक्ये."

"कायले?"

"उपयोगी आहेत," मी म्हणालो.

उत्तर खोटे नव्हते, परंतु ते तिला जसे समजले तसे ते खरेही नव्हते. तिला वाटले, तिचे बोलणे इतके चांगले आहे की गुरुजी ते वहीत जपून ठेवतात. त्या दिवसापासून ती माझ्यासाठी वाक्ये आणू लागली. गाडीचे दार उघडताच सांगे, "आजोबा, लिहा. आजी काल काय म्हणाली माहिती आहे?" आजीच्या म्हणी, आजीच्या शिव्या, आजीने मांजरीला दिलेला दम, असे सगळे ती मला आठवून आठवून सांगे आणि मी लिहिले की नाही, हे वाकून पाही. मेश्राम आरशात पाहून हसत. "घरी सांगते की आजोबा माझं बुक लिहीत आहेत," ते म्हणाले. मी नुसता हसलो. तिचा गैरसमज दूर करावा, असे माझ्या मनात आले होते. पण तो दूर केला असता तर वाक्ये थांबली असती.

एक गोष्ट मी फार उशिरा जाणली. ती येथेच नोंदवतो. माझ्या वहीत त्या वर्गातल्या बाकीच्या सोळा मुलांचे जवळपास काहीच नव्हते, कारण ती बोलतच नव्हती. त्या वहीची पानेच्या पाने भरली होती ती एका मुलीने, कारण ती बोलत होती.

दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळाने व्याकरण-स्पर्धा ठेवली. मुलांचे दोन गट केले होते. पारदर्शक कागदावर लिहिलेले वाक्य यंत्राने भिंतीवर मोठे दाखवायचे, मुलाने उभे राहून ते शुद्ध करायचे आणि वेळ संपली की कुमुदताईंनी घंटा वाजवायची, अशी रचना होती. परीक्षक मी होतो. दोन दिवस आधी मी दहा वाक्ये कुमुदताईंना दाखवली. त्यांनी ती वाचली आणि चष्मा काढला.

"गुरुजी, यातली निम्मी एकाच घरातली वाटतात हो."

"मी नाव कुठे घातले आहे?"

"नाव नाही घातलं. पण मुलांना बरोबर कळतं कोण कसं बोलतं ते. दुसरी नाही का घालता येणार?"

"कुमुदताई, चूक कुणाची आहे हे व्याकरण पाहत नाही," मी म्हणालो. वाक्य मला स्वतःला आवडले, असे आठवते. त्यांनी कागद मला परत दिला. वयाने मी मोठा होतो.

सभागृहात दीडशे माणसे होती. प्रज्ञाची आजी नव्या निळ्या लुगड्यात शेवटच्या रांगेत बसली होती. नातीची स्पर्धा आहे म्हणून ती मुद्दाम आली होती. पहिली काही वाक्ये झाली आणि लोक मनापासून हसले. प्रज्ञाकडे मी पाहिले नाही, असे म्हणणार होतो, परंतु पाहिले होते. दुसऱ्या वाक्याला ती हसली. तिसऱ्या वाक्याला तिने वळून वडिलांकडे पाहिले. नंतर ती भिंतीकडे एकटक पाहत होती.

तिची पाळी आली तेव्हा भिंतीवर वाक्य होते, 'आजी माझी वाट पाहून राहिली.' हे वाक्य तिने मला गाडीतच दिले होते. आदल्या हिवाळ्यात शाळेची बस बर्फात अडकली होती आणि ही घरी पोहोचली तेव्हा आजी शाल गुंडाळून दारात उभी होती. त्या दिवसाचे वर्णन करताना ती ते म्हणाली होती.

मागच्या बाजूने कुणीतरी म्हणाले, "हे अगदी नागपूर स्पेशल बरं का," आणि हशा झाला.

प्रज्ञा उभी राहिली. ती म्हणाली, "हे बरोबर आहे."

मी म्हणालो, "नीट वाच. वेळ आहे अजून."

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि हात लांब करून शेवटच्या रांगेकडे दाखवले. "ती पाहा. वाट पाहून राहिली."

दीडशे माणसांनी मान वळवून त्या वृद्ध बाईकडे पाहिले. पुन्हा हशा झाला. त्यात दुष्टपणा नव्हता, असे तेव्हा मला वाटले होते. आजीने लुगड्याचा पदर तोंडाशी धरला.

'वाट पाहत होती' हे मला हवे असलेले उत्तर प्रज्ञाला येत होते. तिने ते अनेकदा कागदावर लिहिले होते. ते ती देणार नव्हती, हे तिच्या डोळ्यांत दिसत होते. त्या क्षणी मला दोन शब्द पुरले असते. 'तेही बरोबर' एवढे मी म्हणालो असतो तर सभागृह गप्प झाले असते. मी परीक्षक होतो, आणि माझ्या शब्दाला तिथे कुणी हरकत घेतली नसती. मी म्हणालो, "चूक. पुढचा गट." डॉक्टरांचा रोहन उठला, त्याने छापील उत्तर दिले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या संध्याकाळीही मेश्रामांनीच मला घरी सोडले. त्यांनी पुढचे दार उघडून धरले. वाटेत त्यांनी हवेविषयी एक-दोन वाक्ये उच्चारली. मागे आजी आणि नात बसल्या होत्या. आजीने विचारले, "भूक लागली का व?" प्रज्ञा म्हणाली, "नो." वळसा घेतलेल्या त्या वीस मिनिटांत मागून आलेला तो एकच शब्द होता.

पुढच्या रविवारी मेश्राम एकटेच आले. "प्रज्ञाला होमवर्क आहे," ते म्हणाले. काही अंतर गेल्यावर, रस्त्यावरची नजर न काढता, ते म्हणाले, "गुरुजी, खरं सांगू का? होमवर्क नाही. ती येणार नाही."

मी म्हटले, "मुलांना स्पर्धेतली हार लागते. दोन आठवड्यांत विसरेल."

"हार नाही लागली." त्यांनी गाडीचा वेग कमी केला. "माझी आई शाळेत गेली नाही. जाऊ दिलं नाही, असं म्हणा. मी मॅट्रिकला होतो तेव्हा वस्तीतल्या विहारात ती प्रौढांच्या वर्गाला बसली आणि लिहायला शिकली. मी इथे आलो तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं. ती दर आठवड्याला पत्र टाकायची. मोठमोठी अक्षरं. जसं बोलते तसं लिहिलेलं. मी ती सगळी ठेवली आहेत. आता मनात येतं, ती तुमच्या हाती पडली असती तर."

मी कोटाच्या खिशातल्या वहीवर हात ठेवला.

"राग नाही, गुरुजी," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेले आहात. आम्ही तुमच्याकडे विश्वासानं मुलगी पाठवली, एवढंच."

मला त्यांचे आडनाव माहीत होते, गाव माहीत होते. त्यांच्या आईला शाळेत कुणी जाऊ दिले नसेल, हेही न सांगता समजण्याइतका मी जाणता होतो. आमच्या पाठशाळेच्या ओसरीपुढे कुणी यायचे आणि कुणी नाही, हे मी सात वर्षांचा असताना मला पाठ होते. त्याचा माझ्या वहीशी काही संबंध नाही, असे मी कित्येक दिवस स्वतःला समजावत होतो. आता तसे समजावत नाही.

दोन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. मुलाला मुद्दाम सोडायला सांगितले. दार आजीनेच उघडले. मेश्राम आणि त्यांची पत्नी बाजारात गेली होती.

"या गुरुजी, बसा न," ती म्हणाली. तिने चहा केला, आणि समोर जमिनीवर बसू लागली. मी उठून तिला खुर्ची पुढे केली. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"पोरगी बोलत नाही माह्याशी," ती म्हणाली. "म्हणजे बोलते. इंग्लिशमंदी. म्या म्हटलं, काय म्हणते व? तं म्हणते, नथिंग. म्या म्हटलं, मराठीत बोल न, मले समजेल असं. तं म्हणते, आजी, तू चुकीचं बोलते, मी बी चुकीचं बोलते, लोक तुले हसतात. म्या म्हटलं, हसू दे न, माह्या काय अंगाले भोकं पडतात? तं रडली." तिने कपाची बशी सरळ केली. "दिवसभर मी अन् हे भिंती. संध्याकाळी ते पोरगी यायची तेवढंच बोलणं होतं, गुरुजी. तुमी सांगा तिले. तुमचं ऐकते."

तिने जिन्याखालून हाक मारली. प्रज्ञा खाली आली आणि हात मागे बांधून माझ्यासमोर उभी राहिली.

मी क्षमा मागायला गेलो होतो. घरून निघताना तसा निश्चय केला होता. परंतु मूल समोर हात बांधून उभे राहिले की शिक्षकाच्या तोंडून काय बाहेर पडते, ते माझ्या तोंडून बाहेर पडले. लहानाची माफी मोठ्याने मागावी, असे मी आयुष्यात कुठे पाहिले नव्हते. माझ्या गुरूंनी ती कधी मागितली नव्हती आणि मीही कुणाची मागितली नव्हती. मी तिला समजावून सांगितले की, भाषेला बोली आणि प्रमाण अशी दोन रूपे असतात. घरात बोली शोभते, ग्रंथात आणि सभेत प्रमाण शोभते. नदीचे आणि कालव्याचे उदाहरण दिले. दोन्हींत पाणी तेच असते, असेही म्हणालो. दहा मिनिटे मी अस्खलित बोललो.

प्रज्ञाने मान हलवली. "ओके, आजोबा," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

आजी रिकामे कप उचलत होती. "सांगितलं तुमी," ती म्हणाली. "लय चांगलं सांगितलं. मले बी नाही समजलं, अन् तिले बी नाही. बिस्कीट घ्या अजून."

त्या वसंतात आजी नागपूरला परत गेली. ती आणखी एक वर्ष राहणार होती. मेश्रामांनी कारण सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्यांनी मला वर्गाला नेणे मात्र थांबवले नाही. पुढचे सहा-सात महिने आम्ही दोघेच त्या गाडीतून जात होतो. मग मीच कुमुदताईंना सांगून दुसरी सोय करून घेतली. त्या माणसाचा चांगुलपणा मला सोसेना. 'वाक्ये शुद्ध करा' हा भाग मी पत्रिकेतून काढून टाकला. पालकांनी दोन-तीनदा आठवण केली, "गुरुजी, ते गमतीचं पान बंद का केलंत?" डोळ्यांना त्रास होतो, असे मी सांगितले. पायांविषयी आणि डोळ्यांविषयी मी त्या देशात बऱ्याच खोट्या गोष्टी बोललो.

दशक संपता संपता प्रज्ञा कॉलेजसाठी दूर निघाली. मेश्रामांनी त्यांच्या अंगणात निरोपाचा समारंभ केला आणि मलाही बोलावले. मी आठ दिवस एक वाक्य मनात घडवत होतो. ते अनेकदा बदलले, तपासले. सतरा वर्षांची प्रज्ञा वडिलांपेक्षा उंच झाली होती. ती माझ्याजवळ येऊन वाकली तेव्हा मी तिला थांबवले आणि म्हणालो, "प्रज्ञा, त्या स्पर्धेच्या प्रसंगी माझ्याकडून तुझ्यावर आणि तुझ्या आजीवर घोर अन्याय घडला. त्याबद्दल मी अंतःकरणपूर्वक क्षमाप्रार्थी आहे."

तिने वडिलांकडे पाहिले. "डॅड? क्षमा व्हॉट?"

मेश्राम खाली पाहत म्हणाले, "ही इज सेइंग सॉरी."

"फॉर व्हॉट?"

या वेळी उत्तर मेश्रामांनी माझ्यावर सोपवले. मी तिला सांगितले, जितक्या साध्या शब्दांत सांगता आले तितक्या. तू बरोबर बोलली होतीस. मी चूक म्हणालो. मला माहीत होते, तरी म्हणालो.

हातातली कागदी बशी तिने टेबलावर ठेवली. ती इंग्रजीत बोलली आणि हळू बोलली, म्हणून मला सगळे कळले. आजी आदल्या वर्षी नागपूरला वारली, हे मला ठाऊक होते. शेवटच्या दिवसांत वडिलांनी फोन लावून दिला होता. आजी पलीकडून बराच वेळ बोलत होती. "मला सगळं कळत होतं," प्रज्ञा म्हणाली. "ती मला विचारत होती, तू बोलत का नाहीस. मला बोलायचं होतं, पण तोंडातून वाक्य निघेना. मी फक्त हो म्हणाले. हो, हो, असं म्हणत राहिले."

तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. कुणीतरी विचारले म्हणून तिने सांगितले, इतकेच.

मी हात जोडले. तिच्या मैत्रिणी पाहत होत्या. तिने माझे हात आपल्या हातांत धरून खाली केले आणि ते तसेच धरून ठेवले. आम्हा दोघांनाही आणखी काही बोलायचे होते. ती मराठीत शब्द शोधत होती आणि मी इंग्रजीत शोधत होतो.